स्पायडर्सचा हंगाम : १५४ सामने, १३४ पराभव

अमेरिकेच्या ओहायो राज्यातला क्लीव्हलंड स्पायडर्स हा व्यावसायिक बेसबॉल संघ १८९९च्या हंगामात १५४ सामने खेळला आणि त्यांतले १३४ हरला. विजय मिळाले ते अवघे २०. म्हणजे शंभर सामन्यांत तेरा. या गोष्टीला सव्वाशे वर्षे होऊन गेली, पण अमेरिकेच्या सर्वोच्च पातळीवरच्या बेसबॉलमध्ये पूर्ण हंगाम खेळलेल्या दुसऱ्या कोणत्याही संघाची कामगिरी इतकी वाईट झालेली नाही. हाच संघ आदल्या वर्षी ८१ सामने जिंकून बारा संघांत पाचवा आला होता, आणि त्याच्या तीन वर्षे आधी त्याने त्या काळातला मानाचा टेम्पल करंडक पटकावला होता. एका हिवाळ्यात एवढी पडझड खेळाडूंच्या हातून होत नाही. ती मालकांनी घडवून आणली होती, तीही कायद्याच्या आणि लीगच्या नियमांच्या चौकटीत राहून. म्हणूनच हा हंगाम केवळ एक विचित्र विक्रम म्हणून बाजूला टाकण्यासारखा नाही.

२० विजय हा आकडा किती दुर्मीळ आहे हे कळायला बेसबॉलची घडण थोडी समजून घ्यावी लागते. नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ नऊ डाव खेळतात. प्रत्येक डावात तीन गडी बाद होईपर्यंत एका संघाची फलंदाजी चालते, मग दुसऱ्याची पाळी येते. चेंडू फेकणारा तो पिचर. बॅटने चेंडू मारून एकामागून एक तीन बेस गाठायचे आणि परत मूळ जागी यायचे, की एक धाव होते. सामना दोन-अडीच तासांत संपतो आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ रोज खेळला जातो. इतक्या सामन्यांत नशिबाचा वाटाही मोठा असतो. जोरात मारलेला चेंडू नेमका हातात जातो, तर चुकून बॅटला लागलेला चेंडू दोन खेळाडूंच्या मधून निसटतो. त्यामुळे अव्वल संघसुद्धा तीनातला एक सामना हरतो आणि तळाचा संघही साधारण तीनातला एक जिंकतो. ज्या खेळात दुबळ्यालाही एवढे विजय आपोआप पदरात पडतात, तिथे आठात जेमतेम एक सामना जिंकणे म्हणजे त्या पातळीवर खेळण्याची संघाची कुवतच उरली नव्हती असे म्हणावे लागते.

स्पायडर्सची सुरुवात १८८७ची. १८८९मध्ये संघ नॅशनल लीगमध्ये आला. किडकिडीत अंगाचे, लांब हातापायांचे खेळाडू गणवेशात कोळ्यासारखे दिसत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. १८९०च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्याच एका शेतकरी कुटुंबातला तरुण पिचर संघात दाखल झाला. त्याचे नाव डेंटन यंग. त्याच्या चेंडूच्या वेगामुळे लोक त्याला ‘सायक्लोन’ म्हणू लागले आणि पुढे त्याचे ‘साय’ झाले. साय यंगने कारकिर्दीत ५११ सामने जिंकले. हा आकडा आजवर कुणाला गाठता आलेला नाही, आणि आज दरवर्षी सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा पुरस्कार त्याच्याच नावाचा आहे. त्याच्या जोडीला जेसी बर्केट हा फलंदाज होता. १८९५ आणि १८९६ अशा लागोपाठ दोन हंगामांत त्याची फलंदाजीची सरासरी .४००च्या वर राहिली, म्हणजे दर दहा प्रयत्नांत चारहून अधिक यशस्वी फटके. ही मजल आज कुणाला एका हंगामातही मारता येत नाही. बॉबी वॉलेस हा चपळ क्षेत्ररक्षक याच संघात तयार झाला. पुढे या तिघांनाही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. मॅनेजर पॅट्सी टीबो आक्रमक वृत्तीचा होता. पंचांशी आणि प्रतिस्पर्ध्यांशी हुज्जत घालण्याबद्दल त्याचा संघ बदनाम होता, पण १८९५मध्ये याच संघाने बाल्टिमोर ओरिओल्सला चार विरुद्ध एक असे हरवून टेम्पल करंडक घेतला. १८९७मध्ये पेनॉबस्कॉट या मूलनिवासी जमातीचा लुई सॉकअलेक्सिस संघात आला आणि पहिल्याच हंगामात त्याने .३३८ची सरासरी नोंदवली. पायाची दुखापत आणि दारू यांनी त्याची कारकीर्द लवकर संपवली.

एवढे गुणी खेळाडू असूनही क्लीव्हलंडचे मैदान भरत नव्हते. संघाचे मालक फ्रँक रॉबिसन आणि स्टॅन्ली रॉबिसन हे भाऊ. फ्रँकचा मूळ धंदा शहरातल्या ट्रामचा. १८९१मध्ये त्यांनी लीग पार्क हे मैदान बांधले, तेही आपल्या ट्रामच्या मार्गावर. सामन्याला येणारा माणूस ट्रामचे भाडे भरणार आणि तिकिटाचेही पैसे देणार, असा हा सरळ हिशेब होता. हिशेब अडला तो रविवारी. त्या काळात कारखान्यांतल्या कामगाराला आठवड्यात एकच सुट्टी असे, आणि रविवारी पैसे घेऊन खेळ करायला ओहायोत कायद्याने बंदी होती. १६ मे १८९७ रोजी रॉबिसन यांनी या बंदीला उघड आव्हान दिले. वॉशिंग्टनविरुद्ध रविवारी सामना ठेवला, गर्दीही चांगली जमली. पहिला डाव होताच पोलिसांनी खेळाडूंना अटक केली आणि सामना तिथेच संपला. पुढे पिचर जॅक पॉवेल याला न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. या प्रकारानंतर रॉबिसन बंधूंचे मन शहरावरून उडाले. १८९८मध्ये त्यांनी घरचे बरेच सामने दुसऱ्या शहरांत नेले. संघ घरी खेळत नाही म्हणून लोक दुरावले आणि लोक येत नाहीत म्हणून संघ आणखी बाहेर गेला. पुढच्या वर्षी जे घडले त्याची ही पहिली पायरी होती.

त्याच वेळी मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसचा संघ विक्रीला निघाला. तिथला मालक ख्रिस फॉन डेर आह कर्जात बुडाला होता आणि त्याचा संघ १८९८मध्ये ३९ विजय आणि १११ पराभवांसह शेवटचा आला होता. पण शहर मोठे होते, बेसबॉलचे वेडे होते आणि तिथे रविवारी खेळता येत होते. १८९९च्या वसंतात हा संघ रॉबिसन बंधूंच्या हाती आला, आणि एकाच लीगमधल्या, एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या दोन संघांचे ते मालक झाले.

आज हे वाचताना नवल वाटते, पण तेव्हाच्या नॅशनल लीगमध्ये त्याला कुणी हरकत घेतली नाही. १८९१नंतर प्रतिस्पर्धी लीग कोलमडली आणि बारा संघांची ही एकच मोठी लीग उरली होती. मक्तेदारी आल्यावर मालकांनी एकमेकांच्या संघांत भाग घेणे सुरू केले. ब्रुकलिन आणि बाल्टिमोर या संघांची मालकीही याच वर्षी एकत्र आली. खेळाडूंच्या हातात काहीच नव्हते. करारातल्या ‘रिझर्व्ह’ कलमामुळे हंगाम संपल्यावरही खेळाडूवर मालकाचाच हक्क राही. दुसरीकडे जास्त पैसे मिळत असले तरी तो जाऊ शकत नसे, आणि मालकाने पाठवले तर नकोशा शहरातही जावे लागे. वेतनाला वर्षाकाठी २,४०० डॉलरची कमाल मर्यादा लीगनेच घालून दिली होती. या व्यवस्थेत माणूस हा मालकाच्या मालमत्तेचा भाग होता, आणि एका माणसाच्या दोन मालमत्ता असतील तर इकडची वस्तू तिकडे ठेवायला त्याला कुणाला विचारावे लागत नव्हते.

रॉबिसन बंधूंनी नेमके तेच केले. साय यंग, बर्केट, वॉलेस, पॉवेल, मॅनेजर टीबो, क्लीव्हलंडचा जवळजवळ सगळा कणा उचलून त्यांनी सेंट लुईसला नेला. तिथल्या संघाचे नाव बदलून ‘परफेक्टोज’ असे भारदस्त ठेवले. सेंट लुईसचे जे खेळाडू आदल्या वर्षी १११ सामने हरले होते, त्यांतले बरेचसे क्लीव्हलंडला धाडले. फ्रँकने सेंट लुईसचा कारभार पाहायचा आणि स्टॅन्लीने क्लीव्हलंडचा, अशी वाटणी झाली. क्लीव्हलंडचा संघ आपण जोडधंद्यासारखा चालवणार, असे स्टॅन्लीने हंगामाआधीच बोलून दाखवले होते. शहराने ते नीट ऐकले. तिकीट घेऊन हरायला कोण जाणार?

१५ एप्रिल १८९९ रोजी हंगामाचा पहिला सामना ठरला तोही सेंट लुईसमध्ये, याच दोन संघांत. परफेक्टोजकडून साय यंग पिचर होता. कालपर्यंत ज्या गणवेशात तो खेळला, त्याच गणवेशातल्या नव्या माणसांविरुद्ध तो उभा राहिला आणि सेंट लुईसने १०-१ असा विजय मिळवला.

स्पायडर्सचा मॅनेजर होता लेव्ह क्रॉस. तिसऱ्या बेसवरचा हा उत्तम खेळाडू स्वतः मैदानात उतरून संघ सांभाळत होता. पहिल्या ३८ सामन्यांत संघाने ८ जिंकले आणि ३० हरले. हे प्रमाण वाईट होते, पण त्यात अजून खेळ शिल्लक होता. जूनमध्ये सेंट लुईसला तिसऱ्या बेसवर चांगल्या माणसाची गरज भासली. रॉबिसन यांनी क्रॉसला तिकडे नेले, आणि चांगले पिचिंग करू लागलेल्या विली सडहॉफलाही नेले. म्हणजे तळाला गेलेल्या संघात जो कुणी थोडाफार चमकेल, त्याला बक्षीस म्हणून हा संघच सोडावा लागत होता. क्रॉस गेला तेव्हा संघाचा उरलासुरला आधार गेला. मॅनेजरपद आले जो क्विनकडे. ऑस्ट्रेलियात जन्मलेला मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या बेसबॉलमधला, हा पहिला खेळाडू. सेंट लुईसमध्ये त्याचा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा होता. त्याच्या हाताखाली संघाने १२ सामने जिंकले, १०४ हरले. तो स्वतः मात्र .२८६च्या सरासरीने खेळला आणि ऑक्टोबरपर्यंत मैदानात टिकून राहिला. अशा हंगामात मॅनेजरने आणखी काय करायला हवे होते, हे सांगणे कठीण आहे.

खरी पडझड झाली ती प्रवासात. घरच्या ४२ सामन्यांना मिळून ६,०८८ प्रेक्षक आले, म्हणजे एका सामन्याला सरासरी १४५. पाहुण्या संघाला तिकिटांच्या उत्पन्नात वाटा मिळत असे आणि त्यातूनच रेल्वेचे भाडे व हॉटेलचा खर्च निघायचा. १४५ माणसांच्या तिकिटांत तो निघणे शक्यच नव्हते. बाकीच्या संघांनी क्लीव्हलंडला यायलाच नकार दिला. त्यामुळे १ जुलैनंतर स्पायडर्स घरच्या मैदानावर फक्त आठ सामने खेळले. बाकी सगळा उन्हाळा आणि शरद ऋतू त्यांनी आगगाडीत, हॉटेलांत आणि परक्या मैदानांवर काढला. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘वाँडरर्स’, ‘एक्झाइल्स’, ‘मिसफिट्स’ अशी नावे दिली. बाहेरच्या मैदानांवरचे ११२ सामने खेळून त्यांनी ११ जिंकले आणि १०१ हरले. घरी मात्र ४२पैकी ९ जिंकले होते. ही तफावत बोलकी आहे. स्वतःच्या गादीवर झोपून, ओळखीच्या मैदानावर खेळायला मिळाले असते तर हा दुबळा संघही निदान दुबळ्या संघासारखा दिसला असता.

आकडे प्रत्येक बाजूने तेच सांगतात. स्पायडर्सनी हंगामात ५२९ धावा केल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना १,२५२ दिल्या. प्रत्येक सामन्यात सरासरी साडेतीन धावा करायच्या आणि आठांहून अधिक द्यायच्या, असा हा मेळ होता. सलग दोन सामने जिंकण्याचा योग हंगामात एकदाच आला. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संघ सलग २४ सामने हरला. शेवटच्या ४१ सामन्यांत एकच विजय मिळाला. विजेत्या ब्रुकलिनच्या मागे स्पायडर्स ८४ सामन्यांच्या अंतरावर राहिले, आणि अकराव्या क्रमांकावरचा वॉशिंग्टनचा संघसुद्धा त्यांच्या ३५ सामने पुढे होता. बारा संघांच्या लीगमध्ये अकरा संघ एकमेकांशी स्पर्धा करत होते, आणि बारावा केवळ वेळापत्रक पुरे करण्यासाठी शहराशहरांतून फिरत होता.

या सगळ्यात सर्वांत जास्त सोसले पिचरनी. त्या काळात पिचर मध्येच बदलण्याची पद्धत फारशी नव्हती. ज्याने सुरुवात केली त्यानेच बहुधा नऊ डाव संपवायचे. जिम ह्यूईने ४ सामने जिंकले, ३० हरले. चार्ली नेपरने ४ जिंकले, २२ हरले. चारपेक्षा जास्त विजय संघातल्या एकाही पिचरच्या नावावर नाहीत. फ्रेड श्मिटची नोंद २ आणि १७, हॅरी कॉलिफ्लॉवरची १ आणि ११. ह्यूईनंतर मेजर लीगमध्ये कोणत्याही पिचरने एका हंगामात ३० सामने हरलेले नाहीत. विक्रमांच्या यादीत ही नोंद लाजिरवाणी वाटते, पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. ३० सामने हरण्यासाठी पिचरवर ३० वेळा विश्वास टाकावा लागतो. ह्यूई हा त्या संघाचा सर्वांत भरवशाचा पिचर होता, म्हणून तो इतका हरला. दर चार-पाच दिवसांनी, मागे कच्चे क्षेत्ररक्षण आणि पुढे निष्प्रभ फलंदाजी असताना, तो चेंडू हातात घेऊन उभा राहत होता. त्याचा हात दुखला असेल, मन तर नक्कीच दुखले असेल. तरी तो उभा राहिला, याची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही.

हंगामाचा शेवट १५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत झाला. तोवर पिचर म्हणून उभे करायलाही धड माणूस उरला नव्हता. शेवटच्या सामन्यात चेंडू दिला गेला एडी कोल्ब याच्या हातात. हॉटेलातल्या सिगारच्या गाळ्यावर काम करणारा हा हौशी तरुण. मेजर लीगमधला हा त्याचा एकमेव सामना. तो त्याने शेवटपर्यंत खेळला आणि संघ १९-३ असा हरला. त्यानंतर खेळाडूंनी संघाचा प्रवास-चिटणीस जॉर्ज म्यूर याला हिरेजडित लॉकेट भेट दिले, अशी एक गोष्ट सांगतात. कारण काय, तर संघाचे सगळेच्या सगळे सामने पाहावे लागलेला जगातला तो एकटाच माणूस होता.

रॉबिसन बंधूंचा डाव तरी साधला का? नाही. साय यंगने सेंट लुईससाठी २६ सामने जिंकले, बर्केटची सरासरी .३९६ राहिली, तरी परफेक्टोज ८४ विजय आणि ६७ पराभवांसह पाचवेच आले. आदल्या वर्षी हेच खेळाडू क्लीव्हलंडच्या नावाने पाचवे आले होते. एक शहर उद्ध्वस्त करून मिळवले ते एवढेच. विजेतेपद गेले ब्रुकलिनकडे, म्हणजे त्या वर्षीच्या दुसऱ्या जोड-मालकीकडे. पण तिकडची गोष्ट थोडी वेगळी घडली. बाल्टिमोरचा मॅनेजर नेड हॅनलन आपले उत्तमोत्तम खेळाडू घेऊन ब्रुकलिनला गेला, तेव्हा जॉन मॅग्रॉ आणि विल्बर्ट रॉबिन्सन यांनी जायला नकार दिला. बाल्टिमोरमध्ये त्यांचा व्यवसाय होता. तिथेच राहिलेल्या छाटलेल्या संघाचा मॅनेजर म्हणून तरुण मॅग्रॉने ८६ सामने जिंकले आणि चौथा क्रमांक पटकावला, रॉबिसन यांच्या परफेक्टोजच्याही वर. दोन्ही शहरांत मालकांनी संघ लुटलाच होता. पण बाल्टिमोरमध्ये संघाला धरून ठेवणारी माणसे मागे राहिली आणि त्यांना घरच्या मैदानावर खेळू दिले गेले. क्लीव्हलंडमध्ये यांतले काहीच ठेवले नव्हते, आणि जे थोडे राहिले तेही जूनमध्ये नेले.

१९०० साल उजाडले तेव्हा नॅशनल लीगने बारापैकी चार संघ बंद केले: क्लीव्हलंड, लुईव्हिल, वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर. स्पायडर्सचा इतिहास तिथेच संपला. लीगला वाटले, तोट्यातली ओझी उतरली. प्रत्यक्षात मोठी, बेसबॉलप्रेमी शहरे रिकामी सोडून तिने प्रतिस्पर्ध्याला दार उघडून दिले. बॅन जॉन्सन या धडाडीच्या संघटकाने आपल्या पश्चिमेकडच्या लीगचे नाव बदलून अमेरिकन लीग केले, क्लीव्हलंडमध्ये लीग पार्कवरच नवा संघ उभा केला आणि १९०१मध्ये आपली लीग नॅशनल लीगच्या तोडीची असल्याचे जाहीर केले. २४ एप्रिल १९०१ रोजी मेजर लीग म्हणून अमेरिकन लीगचा पहिला सामना झाला. त्यात शिकागो व्हाइट सॉक्सने क्लीव्हलंडला ८-२ असे हरवले. २,४०० डॉलरच्या मर्यादेला कंटाळलेले खेळाडू नव्या लीगकडे धावले. साय यंग १९०१मध्ये बॉस्टनला गेला, बर्केट आणि वॉलेस १९०२मध्ये सेंट लुईसच्याच नव्या अमेरिकन लीग संघात. ज्या तिघांसाठी रॉबिसन यांनी क्लीव्हलंड मोडले, ते तिघेही तीन वर्षांत त्यांच्या हातून निसटले. त्यांचा सेंट लुईसचा संघ ‘कार्डिनल्स’ या नावाने आजही खेळतो. फ्रँक १९०८मध्ये आणि स्टॅन्ली १९११मध्ये वारला, आणि संघ फ्रँकची मुलगी हेलेन ब्रिटन हिच्याकडे आला. मेजर लीग संघाची ती पहिली स्त्री मालक. एका मालकाने एकाच लीगमध्ये दोन संघ ठेवण्याची प्रथा पुढे नियमाने बंद झाली.

मालकाच्या निर्णयातून जन्मलेले पराभवाचे हंगाम मात्र थांबले नाहीत. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स १९१४मध्ये अमेरिकन लीगचे विजेते होते. खर्च वाढल्यावर मालक-मॅनेजर कॉनी मॅकने मोठे खेळाडू विकायला किंवा सोडून द्यायला सुरुवात केली आणि १९१६मध्ये तोच संघ ३६ जिंकून ११७ हरला. १९६२चा न्यूयॉर्क मेट्स संघ ४० जिंकला, १२० हरला. तो लीगमध्ये नव्याने आलेला होता; जुन्या संघांनी नको म्हटलेल्या खेळाडूंतून उभा केलेला, त्यामुळे त्याच्या पराभवांत कुणाची फसवणूक नव्हती आणि न्यूयॉर्कच्या लोकांनी त्याला जीव लावला. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०११ ते २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरून नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जिथे तळाच्या संघाला आधी निवडता येत असे, वरचे क्रमांक मिळवले आणि २०१७मध्ये वर्ल्ड सीरिज ही विजेतेपदाची मालिका जिंकली. हरण्याचा असा फायदा होऊ लागल्यावर बेसबॉलला वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढण्याची पद्धत आणावी लागली.

२०२४च्या शिकागो व्हाइट सॉक्सने ४१ सामने जिंकून १२१ गमावले आणि १९००नंतरचा सर्वाधिक पराभवांचा विक्रम आपल्या नावावर केला. २०२१मध्ये या संघाने ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला होता. तीन वर्षांत दुखापती, फसलेल्या निवडी आणि विकलेले पिचर यांनी त्याची ही गत केली. जुलै-ऑगस्टमध्ये संघ सलग २१ सामने हरला, मॅनेजर पेड्रो ग्रिफॉलला काढण्यात आले, आणि घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी मालकाला उद्देशून संघ विकून टाकण्याच्या घोषणा दिल्या. एवढे हरूनही सोडतीच्या नियमांमुळे २०२५च्या निवडीत त्यांना दहाव्यापेक्षा वरचा क्रमांक मिळू शकला नाही. तरीही ४१ विजय म्हणजे स्पायडर्सच्या दुपटीहून अधिक. आजच्या १६२ सामन्यांच्या हंगामात स्पायडर्सच्या प्रमाणाने खेळणारा संघ २१ जिंकेल आणि १४१ हरेल. खेळाडूंना आज संघटना आहे, किमान वेतन आहे, काही वर्षांनी हवा तो संघ निवडण्याचा हक्क आहे. एका मालकाने दुसऱ्या शहराच्या सोयीसाठी अख्खा संघ रिकामा करणे आता शक्य नाही.

क्लीव्हलंडच्या आजच्या संघाने २०२०मध्ये आपले जुने ‘इंडियन्स’ हे नाव सोडण्याचे ठरवले, तेव्हा ‘स्पायडर्स’ हे नाव परत आणावे अशी अनेक प्रेक्षकांची इच्छा होती. शेवटी ‘गार्डियन्स’ हे नाव ठरले. स्पायडर्सच्या नावावरचा एक आकडा मात्र कायमचा आहे. आजच्या वेळापत्रकात कोणताही संघ बाहेरच्या मैदानांवर ८१ सामने खेळतो. त्यामुळे बाहेर १०१ सामने हरण्याचा १८९९चा विक्रम कोणत्याही संघाला मोडता येणार नाही.